चष्मा तयार होईपर्यंत

नवी पेठेत चष्म्याची काच बदलायला टाकली
तर बागवान म्हणाला, तासाभरानं या.
मे महिना. दुपारचे दोन.
तासभर कुठं जावं माणसानं,
त्यात वजा पाच नंबरच्या?

समोर जुनं सुताचं गोदाम.
आता त्याला काचेचं दार बसवलंय
आणि दारावर मोठ्या अक्षरांत काहीतरी,
जे मला वाचता आलं नाही.
आत गार असेल म्हणून गेले. खरं तेच सांगते.

आत भिंती इतक्या पांढऱ्या
की चपला बाहेर काढाव्यात का, कळेना.
भिंतींवर चित्रं असणार.
मला एक लाल डाग दिसला, एक बराच मोठा निळा,
आणि कोपऱ्यात कुणीतरी उभं.
जरा सरकता का, म्हणाले त्यांना,
तर तो खांब.

नावाच्या चिठ्ठीला नाक टेकवून वाचत होते
शीर्षक नाही, तीन
तेवढ्यात मागून: बाई, हात लावू नका.
हात नाही हो, नाक आहे.

हसला. शरणप्पा त्याचं नाव.
प्लास्टिकचं स्टूल, निळा गणवेश,
डब्याला शेंगाचटणीचा वास.
दिसत नसेल तर पलीकडच्या खोलीत जा, म्हणाला,
तिथं बघण्यासारखं काहीच नाही.

पलीकडं अंधार. एक बाक.
आणि चारी कोपऱ्यांतून माग.
नुसता आवाज मागाचा,
खटक् खट, खटक् खट, खटक् खट
मी उंबऱ्यातूनच वळले.
हे ऐकायला लोक मुद्दाम येतात?
अशोक चौकाच्या मागं, आमच्या पत्र्याखाली
तेवीस वर्षं हे होतं.
पाळण्यात होतं, दहावीच्या अभ्यासात होतं,
मला बघायला आले तेव्हा अर्धा तास बंद ठेवलं होतं
आणि त्या शांततेत कुणालाच काही सुचेना.
आमच्याकडं हळू कुणी बोललंच नाही कधी.
आईनं मीठ मागितलं तरी पाहुण्यांना भांडण वाटायचं.
सासरी तिसऱ्या दिवशी सासूनं विचारलं,
सूनबाई, आम्ही बहिरे दिसतो का?

बसा हो, शरणप्पा म्हणाला, अकरा मिनिटांचं आहे.
उद्घाटनाचे पाहुणे फोटोपुरते बसले.
बाकीचे दोन मिनिटांत उठतात.
अकरावं मिनिट एकटा मीच ऐकतो,
दिवसातनं पस्तीसेक वेळा.

बसले. डोळे मिटले, उघडून तरी काय.
पाचव्या मिनिटाला धोटा अडकला, सुटला.
आठव्याला कुणी खोकलं
आणि मला झोप यायला लागली,
लहानपणी यायची तशी, आवाजातच.
जाग यायची ती माग थांबला की.

थांबला.
वीज गेली असणार, त्यांच्याकडची, तेव्हाची.
आणि त्या शांततेत एक माणूस जोरात ओरडला:
चाय वच्चिंदा?

चहा आला का. एवढंच.
पण घसा फोडून,
कारण माग थांबलाय
हे त्याच्या कानांपर्यंत अजून पोचलं नव्हतं.

माझा बाप नव्हे तो.
बापाला चहानं पित्त व्हायचं.
तरी मी अंधारात उत्तर दिलं,
वस्तुंदी! येतोय, येतोय.
काय झालं बाई? बाहेरून शरणप्पा.
काही नाही!
तेवढ्यात माग पुन्हा सुरू झाला
आणि त्याला ऐकू गेलं नसावं.

चार वाजून गेले होते.
बागवाननं चष्मा पुसून नाकावर ठेवला.
समोरच्या दारावरची अक्षरं लख्ख दिसत होती,
त्याखाली स्टुलावर शरणप्पा, डबा उघडून.
नीट दिसतंय ना, ताई?
हो, म्हणाले मी, नेहमीच्याच आवाजात.
दुकानातली दोन माणसं
वळून बघायला लागली.