लाल तेवढ्या

एकोणिसाव्या वर्षी, सालतियोच्या रेल्वे कचेरीत,
एका माणसाने टेबलावर लोकरीच्या लड्या ओतल्या
आणि म्हणाला, लाल तेवढ्या उचल.
मी उचलल्या. अगदी विश्वासाने उचलल्या.
तो हसला नाही, रागावला नाही.
वहीत एक आडवी रेघ मारली
आणि पुढच्याला हाक दिली.

मग बेचाळीस वर्षं पिठाच्या गिरणीत.
तिथे माझं काही अडलं नाही.

ओतिलियाला हे लग्नाआधीच ठाऊक होतं,
तरी तिने अंगणभर साल्विया लावल्या.
डोंगरातून खुडून आणलेल्या काड्या,
शेजारणींकडे मागितलेल्या फांद्या,
झाकातेकासहून रात्रभर बसमध्ये
मांडीवर सांभाळलेला एक डबा.
रंगासाठी, म्हणायची. दुसरं काय असतं यांच्यात?
एकेकीचा रंग ती सांगायची, मी मान हलवायचो,
लहानपणी चर्चमधल्या लॅटिनला हलवायचो तशी.

यंदा नोएमीच्या बाळंतपणाला ती मॉन्टेरेला गेली.
जाताना फाटकातून बजावलं:
पाणी चार दिवसांनी. वाळलेले तुरे खुडायचे.
आणि भिंतीजवळ एक आपोआप उगवलंय,
धड लाल नाही, धड गुलाबी नाही,
रंग बिघडलेलं. ते उपटून टाक.
बस वळणापलीकडे गेल्यावर माझ्या ध्यानात आलं
की हे ती कोणाला सांगून गेली.

भिंतीजवळ अकरा झाडं होती.

तशी माझीही एक ओळख आहे त्यांच्याशी.
निळी मला दिसते, त्यात काही विशेष नाही.
जिच्या देठावर पीठ भुरभुरल्यासारखं असतं
ती माझ्या गिरणीतली.
मखमली तुऱ्यांची बोटांना कळते, मांजराच्या कानासारखी.
एकीचं पान चुरगळलं की अननस.
पण भिंतीजवळच्या अकराही जणी
एकाच पानाच्या, एकाच वासाच्या,
आणि माझ्यापुरत्या एकाच काळपट ठिपक्यांच्या.

म्हणून खुर्ची टाकून बसलो.
सकाळी सातला हमिंगबर्ड येतो,
इथे त्याला चुपारोसा म्हणतात, फुलं चोखणारा.
अंगठ्याएवढा जीव, राग हातभर.
लोक सांगतात, त्याला लाल आवडतो.
म्हटलं, मग त्यालाच विचारावं.
सिमेंटच्या पिशवीचा कागद फाडून
मी रेघा मारत गेलो, चार उभ्या, पाचवी आडवी.
रेल्वेच्या त्या वहीनंतर रंगाच्या नावाने
एवढ्या रेघा कोणी मारल्या नसतील.

तेरा दिवस.
नळाजवळच्या एका झाडाकडे तो परत परत जाई,
मधमाश्यांनाही हाकलून देई.
हेच सगळ्यात लाल, मी ठरवलं.
त्याला काठीचा आधार दिला,
जुन्या बनियनच्या चिंधीने सैलसर बांधलं.
आणि ज्याच्या नावावर एकही रेघ नव्हती
ते मुळासकट उपटलं.

ती परतली. पिशवी खाली ठेवायच्या आत भिंतीशी.
माझी झाकातेकासची कुठाय?
मी गप्प. मग, बोलायला काहीतरी हवं म्हणून,
नळाकडे बोट केलं: ही बघ, सगळ्यात लाल.

ती माझ्याकडे बघत राहिली,
पण रेल्वेतल्या माणसासारखी नाही.
एवारिस्तो, म्हणाली, हेच तर ते.

मला वाटलं, आता ते उपटेल.
ती वाकली. चष्मा वर केला, खाली केला.
मी विचारलं, मग नक्की कुठला रंग हा?
विटेचा, म्हणाली. छे.
निवडुंगाच्या फळाचा, आतला. तोही नाही.
एक फूल तोडून उन्हात धरलं,
मग माझ्या सावलीत धरलं,
मला म्हणाली, जरा सरक.
मी सरकलो. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा
तिला एका रंगाने अडवलं होतं
आणि मला त्याची थोडी मजा वाटत होती.

झाकातेकासच्या खड्ड्यात तिने नवी काडी खोचली.
कुणाची, मी विचारलं नाही.

रात्री नातवाचे फोटो दाखवता दाखवता
ती मधेच थांबली.
मसूर शिजल्यावर जो येतो ना, म्हणाली,
मग स्वतःच मान हलवली:
नाही. जाऊ दे. उद्या सकाळी बघू.