हात काढला की बंद पडतो

वाल्दिवियात, मासळीबाजारामागच्या बेकरीवर
भाड्याच्या खोलीत मी एक रेडिओ बनवलाय.
म्हणजे, जवळजवळ बनवलाय.
पीचच्या फोडींचा रिकामा डबा,
आत तीन ट्रान्झिस्टर, चौकोनी बॅटरी,
झाडूच्या दांड्यावर तांब्याच्या तारेचे एकशे दहा वेढे
(नव्वदाव्या वेढ्याला बहिणीचा फोन आला,
तेव्हा एखाददुसरा इकडेतिकडे).

तो वाजतो.
पण डब्यावर माझा हात असेल तरच.
हात काढला की गुरगुर,
मग धक्क्यावरचा समुद्रसिंह माशासाठी काढतो
तसा एक लांब, लाचार हेल.

बेलार्मिनोकाका पहाटे साडेपाचला चार पाव न्यायला येतात.
जहाजांवरचे रेडिओ दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली.
गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत.
म्हणून माझा आजारी वरच राहतो
आणि मी खाली काउंटरवर त्याची लक्षणं सांगते.

“गुरगुर कोणत्या सुरातली?”
मी तोंडानं काढून दाखवली.
रांगेतली बाई सुटे पैसे मोजायची थांबली.
“ही घरातल्या विजेची. भिंतींमधून येते.”
पण माझा तर बॅटरीवर चालतो.
“तुझा चालतो गं. भिंतींना कुठे माहीत आहे?”

दुसऱ्या दिवशी मी विचारलं,
वीज एका टोकानं शिरते, दुसऱ्यानं निघते,
मग बॅटरी संपते म्हणजे नेमकं काय संपतं?
त्यांनी पाव हुंगला. म्हणाले,
“रात्रभर मळतेस. पहाटे तुझं काय संपलेलं असतं?
हात तर दोन्ही जागेवर आहेत.”
हे उत्तर होतं की नाही, अजून ठरवलेलं नाही.

गुरुवारी मी हात टेकले. म्हणजे तेच तर,
टेकले की वाजतो, काका, उचलले की नाही.
ते पहिल्यांदा हसले.
“लाकडानं दाबून बघ.
वाजला तर कुठलातरी सांधा सैल, त्याला दाब हवाय.
नाही वाजला,
तर त्याला दाब नकोय. तू हवी आहेस.”

लाटणं घेऊन वर गेले.
डबा दाबला. हळू. मग जोरात.
मग जरा रागानंच, पत्र्याला पोचा येईपर्यंत.
गुरगुर.
लाटणं ठेवलं, एक बोट लावलं.
कोणीतरी स्पष्ट आवाजात बटाट्याचे भाव सांगू लागलं.

शनिवारी सुट्टी. बॅटरी काढली, भिंग घेतलं,
आणि डब्यापासून नळाच्या पाइपपर्यंत गेलेली
जमिनीची तार एकेक वीत तपासली.
टाका छान होता. गोल, चकचकीत,
बहिणीला फोटो पाठवावा असा.
फक्त त्याच्या पोटातल्या तारेवरचं वार्निश
मी खरवडलंच नव्हतं.
तांबं तांब्याला भेटलंच नव्हतं.
जूनपासून, सगळा हिवाळाभर,
त्या डब्याची जमीन मी होते.

पाव चिरायच्या पात्यानं तार खरवडली.
गुलाबी निघाली, नव्या कातडीसारखी.
राळेचा धूर डोळ्यांत गेला. डाग दिला. फुंकर मारली नाही,
काका म्हणतात, फुंकरीनं टाका बिघडतो.
बॅटरी लावली
आणि हात मागे घेतला.

कोरालच्या बंदरात वारा वायव्येचा.
लाटा दोन मीटर. लहान होड्यांनी थांबावं.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले. लाटा दोनच मीटर.
जिन्यात जाऊन उभी राहिले. तिथूनही ऐकू आलं.
हातांचं काय करावं कळेना,
मग ते एप्रनच्या खिशात घातले.
तिथे पीठ होतं.

सोमवारी काकांना पाच पाव दिले.
पाचवा त्यांनी मोजला, काही बोलले नाहीत.
दारापर्यंत पोचले तेवढ्यात मी म्हटलं,
आणि काका, खालचा फ्रिज सुरू झाला
की वर रेडिओत टक्‌ का होतं?