खाल्ल्या मिठाला

लिथियम हेही एक मीठच,
डॉक्टर सोलवेग म्हणाल्या,
आणि मला हसूच आलं.
तीस वर्षं या इसाफ्योर्दुरच्या धक्क्यावर
मी दुसरं केलंय काय?
थर कॉडचा, थर मिठाचा,
थर कॉडचा.
टिकायचं असेल तर खारायला हवं
हे मला कुणी शिकवायचं?

आता पाळी माझी.
सकाळी दोन गोळ्या, रात्री तीन,
वर तांब्याभर पाणी.
कपातली कॉफी बशीत डुचमळते.
कारखान्यातला नवा पोरगा बघतो नि
मालकाकडे बघतो.
त्याला कसं सांगू, बाबा,
हे न प्यायलेल्या माणसाचे हात आहेत;
प्यायलो की स्थिर असायचे.

डोंगर इथे दोन महिने सूर्य अडवून धरतो.
अख्खं गाव त्याच्या नावानं खडे फोडतं.
मी नाही.
मला अंधाराचं भय नाही, अंधारात मी नुसता दगड असतो,
ताटलीही धुवत नाही, पण घरात असतो.
भय उजेडाचं.

एका मे महिन्यात, रात्र मावळायचीच बंद झाल्यावर,
सात दिवस मी डोळा मिटला नाही.
दोन बोटी घेतल्या. एकीला इंजिन नव्हतं.
पहाटे तीनला अयदुरला हलवून उठवलं,
म्हटलं, चल, खाडीतले देवमासे काय बोलतात ते मला कळतंय.
ती आली. अंगावर शाल ओढून धक्क्यावर उभी राहिली,
तासभर.
आणि मग म्हणाली, मला काहीच ऐकू येत नाही, स्टेनार.
इतक्या उंचावरून उतरायला जिना नसतो.
बाटली असते.

ती आता अकुरेरीत असते.
बोट अजून आहे. बिनइंजिनाची.

आमच्या पोहायच्या तलावावर नियम आहे:
आधी सगळे कपडे उतरवून, साबण लावून अंघोळ,
मगच पाण्यात.
गरम हौदात गळ्यापर्यंत बुडून
माणसं हवामानावर बोलतात.
पोस्टमास्तरच्या पोटावरचे टाके मला पाठ आहेत,
त्याला माझे कुठे दिसतात?

नोव्हेंबरात एकदा घसरलो.
त्याबद्दल एवढंच:
तिसऱ्या दिवशी मंगळवारच्या बैठकीतला गुदब्यार्तुर आला.
का, कसं, किती, काही विचारलं नाही.
बाह्या सारून तुंबलेली मोरी मोकळी केली,
हात धुतले, म्हणाला,
पाणी जातंय आता.
आणि गेला.

आज पंचवीस जानेवारी.
ढग फाटले, खिंडीतून ऊन आलं,
थेट सूर्यगल्लीत.
दारोदारी कॉफी, साखर भुरभुरलेले पातळ पॅनकेक,
शेजारच्या थोरगेर्दुरनं एक छोटा ग्लासही पुढे केला,
मग तिचं तिलाच आठवलं,
आणि तिनं तो स्वतःच पिऊन टाकला, घाईघाईनं,
ठसका लागेपर्यंत.
आम्ही दोघं हसलो.
मी दोन पॅनकेक खाल्ले.
चेहरा वर करून चार मिनिटं उभा राहिलो.
बरं वाटलं.
इतकं बरं वाटलं की घड्याळ पाहिलं.

घरी येऊन खिडकीचं माप घेतलं.
गाव उन्हाची गाणी म्हणतंय
आणि मी काळ्या जाड कापडाला दुमड घालतोय,
मे महिन्यासाठी, आत्तापासून.
सुईत दोरा ओवायला अकरा खेपा लागल्या.

रात्री ह्रेप्नाचा फोन.
पोर कधी विचारत नाही, कसा आहेस, बाबा.
विचारते, काल किती झोपलास?
साडेसहा तास, म्हटलं.
पलीकडे तिनं श्वास सोडला, तो ऐकू आला.

माणसानं खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
माझं उलटं आहे.
मला खाल्ल्या मिठाला
झोपावं लागतं.

दहा वाजलेत.
तीन गोळ्या. पाणी.