घट

डिपस्टिक पुसली, घातली, काढली.
खालच्या खुणेच्याही खाली, टोकाला थेंबभर.
मागच्या अमावस्येला लिटर ओतलं होतं,
वहीत आहे. तिथून नऊशे चाळीस किलोमीटर.

वहीची सवय गूळ मार्केटातली.
चौतीस वर्षं शाहूपुरीत काट्यावर बसलो.
आवक, जावक, शिल्लक, आणि चौथा रकाना घट.
गूळ पावसाळ्यात पाझरतो, रव्याखालचं बारदान चिकटतं,
मुंग्या लागतात, कळतं कुठं गेला.
हे तेल जातं आणि फरशी कोरडी.

उद्यमनगरात दस्तगीर शिकलगार
इस्टीमच्या पोटाखाली पुठ्ठा सरकवतो,
रात्रभर ठेवून सकाळी उजेडात धरतो.
एक डाग नाही.
"गळत न्हाई काका. पितीय ती."

मग नाडी धरल्यासारखं विचारत बसतो.
धूर कवा येतो? सकाळी पयल्यांदा चालू केल्यावर?
मग वॉलसील.
उताराला पाय काढून परत दिल्यावर? मग गाईड.
का चढाला, रेटल्यावर?
मला सांगता येईना.
सत्तावीस वर्षं चालवतोय,
मागं काय सोडत जातो ते मागच्यालाच दिसणार.

म्हणून त्याची रुबिना, आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला,
स्कूटीवरून माझ्या मागं. केर्लीपासून जोतिबाचा चढ.
आरशात एक लाल हेल्मेट.
कुणी बघतंय म्हटल्यावर मी गिअरसुद्धा जपून बदलायला लागलो.
तिनं हॉर्न मारला, हातानं खूण केली: रेटा.
रेटली.
वर यमाईजवळ काच वर करून ती आधी खोकली.
"निळा. चढाला निळाभोर. उताराला काय न्हाई."

प्लग काढले. तिघांची टोकं कोरडी, भाजल्या विटेच्या रंगाची.
तिसऱ्या नंबरचं काळं, ओलं.
बापानं स्टार्टर मारला, लेकीनं गेज वाचून
कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं:
एकशे सत्तर. एकशे अडुसष्ट. एकशे दहा. एकशे पासष्ट.
मग तिसऱ्याच्या भोकातून चमचाभर तेल सोडलं
आणि पुन्हा मारला.
एकशे पन्नास.
तेलानं फट बुजली, तेवढ्यापुरता दम धरला.
"रिंगा," ती म्हणाली, बापाच्या आधी.
बाप पाना पुसत राहिला, जरा जास्तच वेळ.

फट केवढी असेल, मी विचारलं.
दस्तगीरनं दाढीतला एक पांढरा केस उपटून
माझ्या तळहातावर ठेवला. "ह्याच्याहून बारीक."

घटीच्या पुढं पाचवा रकाना असायचा,
छापूनच यायचा: कारण.
उन्हाळ्यात मी लिहायचो वाळण, पावसाळ्यात पाझर.
काही वेळा कारण समोरच उभं असायचं,
कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, पान लावत,
माझ्या पोराची चौकशी करत.
तेव्हाही वाळण.

हेड खोलू, ब्लॉक पलीकडं होनिंगला देऊ,
सोमवारी बंद, मंगळवारी खर्च सांगतो म्हणाला.
मी वही काढली.
घट: एक लिटर.
कारण: तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगा झिजल्या.
रुबिना खांद्यावरून वाचत होती.
"झिजल्यात का नुसत्या चिकटल्यात
ते उघडल्यावर कळंल, काका.
खाली जागा सोडा."