शेऱ्याचा रकाना

मला दिलेल्या तक्त्यात सहा रकाने:
अनुक्रमांक, मालकाचं नाव, दर्शनी रुंदी,
पाटीची उंची, पाटीवरचा मजकूर, शेरा.
व्हरायटी चौकापासून लोहापुलाच्या अंगाने
मी बर्डी फुटाफुटाने कागदावर उतरवते आहे,
रोज दहाच्या आधी, शटरं वर जायच्या आत.
टेपचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं टिकारामकडे, तो खर्रा घोटत उभा.

रस्त्याचं नवं रूप ऑफिसात टांगलंय:
मातकट फरशी, कुंड्या, सगळ्या पाट्या एका उंचीच्या.
चित्रातली माणसं एकेकटी, लांब टांगा टाकत चाललेली,
कुणाच्याच हातात पिशवी नाही.
बर्डीवर बिनापिशवीचा माणूस
मी अजून पाहिलेला नाही.

दुकान एकेचाळीस. पौनीकर. सोळा फूट दोन इंच.
फ्लेक्स उतरवला, खाली दुसरा फ्लेक्स.
मोबाइलची कव्हरं, त्याखाली साड्यांचा सेल,
त्याखाली पिवळ्या पत्र्यावर काळं एसटीडी पीसीओ,
आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून,
एक सागवानी फळी:
निखाडे छत्रीवाले. जुन्या छत्रीस नवे कापड मिळेल.
छ असा काढलेला
की त्याच्या आडोशाला दोघं सहज उभे राहतील.
कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढं: उके.

पौनीकर म्हणाले, "हे इथंच होतं?
तीस वर्षं मी याच्याच खाली बसून राहिलो."
आणि लगेच, "पण मालक म्हणून माझंच नाव लिहा हं."

पुढचे चार दिवस उके निघत राहिला.
हार्डवेअरच्या मागे. होतचंदानींच्या जिन्यात.
बंद सोडा फॅक्टरीच्या दारावर, अर्धाच,
"थंडगार आ" एवढाच शिल्लक,
आणि आ अजूनही गार.

उके जिवंत आहेत. इंदोऱ्यात, मुलीकडे.
मंजूर झालेल्या अक्षराचा नमुना मी पुढे केला.
त्यांनी डोळ्यापाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ.
"अक्षर बरं हाय.
पण हा ळ पाह्य. याले पोटच नाही.
बर्डीत उपाशी ळ कसा चालन, बाई?"
पैशाचं विचारलं नाही. आपल्या नावाचंही नाही.
मी चपला घालत होते तेव्हा म्हणाले,
"छत्रीवाल्याच्या पाटीखाली एक पोरगी बसे, पिना घेऊन.
माही शिडी धरे.
तिची जागा मोजली का?"

एकेचाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये
तक्त्यात रेघ आहे, ओळ नाही.
त्या रेघेवर फुलझेलेबाई बसतात,
क्लिपा, रबर, सेफ्टी पिना,
आता केस पांढरे, आवाज तसाच असावा.
"काय मोजून राहिली व माय?"
तुमची जागा.
"जागा कुठची? चादर मोज.
रात्री तिची घडी होते."

साडेतीन बाय चार.
मालकाचं नाव: फुलझेले, सुभद्रा.
पाटीची उंची: बाई बसल्या की अडीच फूट,
गिऱ्हाईक आलं की जास्त.
पाटीवरचा मजकूर, इथे मी थांबले,
मग त्या ओरडतात तेच लिहिलं:
दहाले जोडी, दहाले जोडी, पाह्याचे पैसे नाही.

तक्ता परत आला.
साहेबांनी बाकी सगळीकडे बरोबरची खूण केली आहे.
त्या ओळीपुढे, शेऱ्याच्या रकान्यात,
हिरव्या शाईचं एक प्रश्नचिन्ह,
खाली टिंब जरा जोरात दाबलेलं.

उत्तर अजून दिलेलं नाही.
आज बेचाळीस ते पन्नास.
टिकाराम टेप ओढतोय,
टेप कुणाच्या तरी चपलेखाली अडकलाय,
"अबे, पाय उचल ना बे,"
आणि दहा वाजले, शटरं एकामागून एक वर निघालीत.