पहिला हात

पौडच्या पुढे, भाताच्या पेंढ्याचे
दोनशे दहा गठ्ठे उतरवून टेम्पो गेला
आणि मी, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये
खिळाही न ठोकलेला माणूस,
ओळंबा उलटा धरून उभा.

हौसाबाई ढमाले बांधावरून म्हणाल्या,
"गंज रचताय की घर?"

तिसऱ्या थराला भिंतीला पोट सुटलं.
रात्री त्यांची म्हैस आली,
ईशान्य कोपरा खाऊन गेली.
सकाळी त्यांनीच चार पेंढ्या आणल्या,
भगदाडात ठासल्या,
शेणमातीचा पहिला हात
माझं मनगट धरून फिरवला.
"पुसू नका. थोपटा."

आता गिलावा वाळतोय.
तडे मोजतो, विसरतो.
एका जागी कान लावला तर
आत अजून काहीतरी सळसळतं.
उंदीर असेल,

किंवा शेत.