मुदत

निबाल्दो,
तुम्ही गेलात त्याला सात महिने झाले,
आणि पोर्टलवर तुम्ही अजून मुख्य प्रशासक आहात.

पुंता अरेनासचं हे शीतगृह, छताला बेचाळीस पांढऱ्या तबकड्या.
शिडी मी धरायची, तुम्ही चढायचात.
पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं,
विकत घेतल्या म्हणजे आपल्याच झाल्या ना?
तुम्ही हातमोजा न काढता एकीवर टिचकी मारलीत :
"टरफल आपलं, एलियाना.
आतला जीव भाड्याचा.
दर डोई, दर साल."

साध्या परवान्यात नुसता सिग्नल.
त्याच्या वरच्यात कळतं
कुठला स्कॅनर कुठल्या कपाटाशी अडलाय.
सगळं आधीच आत भरलेलं असतं म्हणालात,
पैसे फक्त कुलूप काढायचे.

दोन तबकड्या मागाहून आल्या.
त्यांचे दिवस बाकीच्यांच्या दिवसांत मिसळले,
पंगतीला उशिरा बसलेल्यांसारखे :
उठायचं मात्र सगळ्यांनी एकदमच.
आणि एक थंडीने तडकली, तेव्हाचं
मी वहीत लिहून ठेवलंय :
यंत्र मेलं तरी परवाना मरत नाही.
सोडवायचा, दुसऱ्यावर बसवायचा.

यंदा मुदत संपली ऐन सेंतोयाच्या हंगामात.
खेकड्यांचे ट्रे बोटीवरून उतरतायत,
फोर्कलिफ्टवाला मान्सिया स्कॅनर हलवून विचारतो, चालेल ना उद्या?
सवलतीचे तीस दिवस, त्यातले सव्वीस गेलेले.
पावती आहे. पैसे भरलेत.
नूतनीकरणाची किल्ली आहे, बारा अक्षरांची,
पण ती जिथे घालायची ते दार तुमच्या नावाचं
आणि दाराची कडी तुमच्या फोनमध्ये.
सेवाकेंद्रातला मुलगा फार गोड बोलला :
मालकीचे कागद पाठवा, दहा कामकाजाचे दिवस.
माझ्याकडे चार, त्यात एक रविवार.

म्हणून मी तुमच्या घरी गेले.
वारा असा की फाटक दोन्ही हातांनी लावावं लागलं.
दोन्या एर्मेलिंदाने माते केला,
मग ओट्याखालचा ड्रॉवर ओढला :
बटणं, दोरा, भोपळ्याच्या बिया, आणि तुमचा फोन.
चार्ज केलेला.
"दर रविवारी लावते," म्हणाली.
"का ते विचारू नकोस."

मी माझ्या लॅपटॉपवर बटण दाबलं.
सात महिन्यांत पहिल्यांदा तो थरथरला.
तिने आधी चष्मा शोधला. मग पुसला.
कोड पाचच मिनिटं जगतो, हे मी तिला सांगितलं नाही.
ती एकेक आकडा वाचत गेली,
मध्ये थांबत, प्रत्येक आकडा तुम्ही पाठवल्यासारखा :
चार. शून्य.
परत शून्य.
सात…

बेचाळीस हिरवे ठिपके.
मान्सियाचा मेसेज आला, नुसता अंगठा.

मग तो रकाना.
तुमचं नाव खोडून मी माझं घातलं,
आणि तुमचं खाली, दुय्यम संपर्कात, नंबरासकट.
त्याला वेगळे पैसे पडत नाहीत,
पाहून घेतलं मी.

निघताना तिने विचारलं,
असा मेसेज पुन्हा कधी येईल?
तीन वर्षांनी, मी म्हटलं,
आधी एक आठवण येईल, नव्वद दिवस अलीकडे.
तिने बोटांवर काहीतरी मोजलं,
आणि आज रविवार नसताना
चार्जर लावला.